माहेरी जाताना फाइल बरोबर द्या

परवा इंदूरच्या आपल्या ग्रुपवर डोहाळजेवणाचे फोटो पाहिले. बर्फी की पेढा, सगळं छान झालं. मुलगी आता माहेरी जाणार असं कळलं आणि मला 1979 साल आठवलं.

आमची सौ. सातव्या महिन्यात माहेरी ग्वाल्हेरला गेली. इथल्या डॉक्टरीणबाईंनी चिठ्ठीवर लिहून दिलं होतं : बी.पी. वाढतंय, दर आठवड्याला तपासा. ती चिठ्ठी माझ्या टेबलाच्या खणात राहिली. तिकडे पायांवर सूज आली, तर "पहिलटकरणीला येतेच" म्हणाले. डोकं दुखलं, तर सुंठेचा लेप लावला. पाच आठवडे कोणी बी.पी. मोजलं नाही. एका रात्री तिला झटके आले. मुलगी झाली, दीड किलोचीही नव्हती. चार दिवस जगली. बारसंही झालं नाही.

पुढे डॉक्टरांकडून समजून घेतलं. पाचव्या महिन्यानंतर बी.पी. 140/90 किंवा वर गेलं की सावध व्हायचं, लघवीतलं प्रोटीन तपासायचं. या आजारात वारेतून बाळाला रक्त कमी पोचतं, वाढ खुंटते. आजार मुळातून उतरतो तो बाळंतपणानंतरच, म्हणून कधी कधी दिवस भरण्याआधीच बाळ बाहेर काढावं लागतं. अशा बाळाची फुप्फुसं कच्ची असतात, साखर उतरते, अंग गार पडतं.

आज उपाय आहेत. बाळंतपण लवकर होणार असं दिसलं, तर बाळाच्या फुप्फुसांसाठी आईलाच इंजेक्शन देतात. सरकारी दवाखान्यांत दर महिन्याच्या 9 तारखेला गरोदर बायकांची तपासणी फुकट होते. पण आधी बी.पी. मोजायला तर हवं!

माझं स्पष्ट मत आहे. माहेरपण जरूर करा, पण बी.पी. वाढलेलं असेल तर कुठे जायचं हे डॉक्टर ठरवतील, रीत नाही. जिथे नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग जवळ आहे, तेच घर त्या वेळी माहेर समजा. डोकं ठणकलं, डोळ्यांपुढे अंधारी आली किंवा पोटात वरच्या बाजूला दुखलं, तर सकाळची वाट पाहू नका.

जन्मभर बँकेत काढला. खातं दुसऱ्या शाखेत गेलं की सगळे कागद आम्ही मोजून पाठवायचो. घरची एक चिठ्ठी मात्र पाठवली नाही. तुम्ही ओटीच्या नारळाबरोबर फाइलही मुलीच्या हातात द्या.