मसणवटा कोणाचा?

गावात मयत झालं की सांगावा घेऊन परगावी पळायचा महार. सरणाची लाकडं वाहायचा महार. मोबदला? मढ्यावरचं कापड! आणि त्याचं स्वतःचं मढं? त्याला गावाचा मसणवटा बंद.

१९३६ साली आमच्या फैजपुरात खेड्यातलं पहिलं काँग्रेस अधिवेशन भरलं. स्वराज्य आलं. १९५५च्या कायद्यानं स्मशानात अडवणं गुन्हा ठरला. १९५८च्या कायद्यानं महार वतन गेलं. तरी महाराष्ट्रात जातवार मसणवटे आहेतच.

रडणाऱ्या घराची सोय करायची म्हणता ना, भाऊ? मग शेड, पाणी, सरपण एकाच जागी द्या, सगळ्यांना द्या. सरण रचणाऱ्याला पगार द्या, हातमोजे द्या, त्याची जात विचारू नका. साडेतीन हात जागेलाही जात चिकटवता, आणि वर म्हणता, मरणापुढं सगळे सारखे!