आधी नक्कल, मग अपग्रेड

‘चालतंय न्हवं, मग कशाला हात लावायचा?’ लोंढ्यातल्या एका वाचनालयाच्या जुन्या लिनक्स सर्व्हरबद्दल मला मिळालेलं हे उत्तर. पण सेंटओएस ७ ला सुरक्षा-दुरुस्त्या मिळणं ३० जून २०२४ ला थांबलं. मशीन चालतं, दार मात्र उघडं राहतं. अपग्रेड हवंच; पण आधी बॅकअप, आणि तो दुसऱ्या मशीनवर उघडून बघायचा. आम्ही बघितला, तर मराठी पुस्तकांची नावं नुसती प्रश्नचिन्हं! कॅरेक्टर सेट चुकला होता. मूळ डेटा शाबूत होता, म्हणून जीव भांड्यात पडला.

फादर स्टीफन्सचं क्रिस्तपुराण १६१६ साली रोमन लिपीत छापलं गेलं. त्या आवृत्तीची एकही प्रत आज सापडत नाही. ते तारलं हस्तलिखित नकलांनी. नवं जरूर करा, पण नक्कल ठेवून.