हलणाऱ्या दाताचा निकाल

‘डॉक्टर, दात हलतोय. काढा आणि इम्प्लांट बसवा,’ अशी मागणी घेऊनच हल्ली पेशंट खुर्चीत बसतो. आपल्यालाही ते सोयीचे पडते. ओपीजीवर झिजलेले हाड दाखवायचे, खर्चाचा आकडा सांगायचा, झाले. ट्रेमधल्या प्रोबला हात लागत नाही. प्रत्येक दाताभोवती सहा ठिकाणी पॉकेट मोजून असिस्टंटकडून आकडे लिहून घ्यायला असा कितीसा वेळ लागतो?

हिर्शफेल्ड आणि वॉसरमन यांनी १९७८ साली अमेरिकेतल्या ६०० पेशंटांचा सरासरी २२ वर्षांचा हिशेब मांडला. हिरड्यांच्या रोगाने गेलेले दात होते सुमारे ७ टक्के, आणि त्यांतलेही बहुतेक जेमतेम सहाव्या हिश्शाच्या पेशंटांचे. इम्प्लांटचा सुळसुळाट होण्याआधीची ही गोष्ट. हे पेशंट नेमाने परत येत राहणारे होते, हे मात्र विसरता येत नाही. आपले घोडे नेमके तिथेच पेंड खाते.

स्केलिंग झाले की पेशंट गायब होतो. सूज उतरल्यावर मुळे उघडी पडतात, दातांमध्ये फटी दिसतात, गार पाण्याने शिणका येतो, आणि ‘साफ केल्याने दात हलायला लागले’ ही बातमी गल्लीभर होते. हे आधीच सांगायला हवे. खालच्या पुढच्या दातांच्या हिरडीखालून निघालेला काळपट, कठीण किटणाचा तुकडा गॉजवर ठेवून दाखवा. फट किटणाने बुजलेली होती, हे पेशंटला लगेच पटते.

विचारण्याची पद्धतही बदलावी. ‘तंबाखू खाता का?’ या प्रश्नाला मिशरी लावणाऱ्या बाई सरळ ‘नाही’ म्हणतात. त्याऐवजी ‘दात कशाने घासता?’ असे विचारावे. विडी-सिगारेट ओढणाऱ्याच्या हिरडीतून रक्त कमी येते, तेव्हा रक्त नाही म्हणून रोग नाही असे धरू नये. मधुमेह्याचा एचबीए१सी ७ किंवा त्याहून जास्त असेल, तर २०१८च्या वर्गीकरणानुसार तो ‘सी’ ग्रेडमध्येच जातो.

हलणाऱ्या दाताचा निकाल पहिल्याच भेटीत लावू नये. खोल साफसफाईनंतर दोन-तीन महिन्यांनी पुन्हा मोजा. सूज ओसरली, चावताना येणारा जादा भार काढला, की कितीतरी दात बऱ्यापैकी स्थिरावतात. पॉकेट ४ मिलिमीटरपर्यंत आणि रक्त नाही, तर तिथे हात घालू नका. ६ मिलिमीटर आणि रक्त येतेच आहे, तर फ्लॅपचा विचार करा. काही दात काढावेच लागतात, त्याबद्दल वाद नाही. पण पायोरियाने दात गेलेल्या तोंडात इम्प्लांटभोवतीचे हाड झिजण्याचा धोकाही जास्तच असतो, हे खर्च सांगतानाच पेशंटच्या कानावर घालावे.

फेरतपासणीचे पैसे मागायला आपल्याला संकोच वाटतो, म्हणून ती होतच नाही. पहिली फेरतपासणी उपचाराच्या फीमध्येच धरा आणि तारीख पेशंट खुर्चीतून उठायच्या आत कार्डावर लिहून द्या. पॉकेटच्या नोंदींचा कोरा तक्ता या अंकाच्या शेवटच्या पानावर दिला आहे. झेरॉक्स काढून वापरावा.