पॉलिश विकण्याआधी धुणं सुधारा



यवतमाळ असो, वणी, पुसद की पांढरकवडा, वॉशिंग सेंटर चालवत असाल तर हा प्रश्न तुम्हाला सारखा येतो. "भाऊ, गाडीवर बारीक रेघा दिसतात. पॉलिशने जातील का?" बहुतेक ठिकाणी उत्तर ठरलेलं असतं, "जातील ना! नव्यासारखी करून देतो." माझं स्पष्ट मत आहे की दहा-बारा वर्षं जुन्या गाडीच्या मालकाला हे उत्तर देणं म्हणजे आजचे पैसे घेऊन उद्याचा ग्राहक घालवणं. त्याला आधी नीट धुणं विका, पॉलिश नंतर.

का, ते बघा.

आजकालच्या बहुतेक गाड्यांच्या रंगावर क्लिअर कोटचा पारदर्शक थर असतो. त्याची जाडी साधारण ४० ते ५० मायक्रॉन, म्हणजे आपल्या डोक्याच्या केसापेक्षाही कमी. उन्हात कोळ्याच्या जाळ्यासारख्या दिसणाऱ्या त्या गोल रेघा याच थरावर असतात. पॉलिश रेघ पुसत नाही, रेघेच्या आजूबाजूचा थर घासून सपाट करतं. म्हणजे दर वेळी थर थोडा कमी होतो, आणि गेलेला थर परत येत नाही. आपल्याकडचं मे महिन्याचं ऊन तुम्हाला माहीत आहे. त्या उन्हापासून रंगाला वाचवणारा हाच थर. तो फार पातळ झाला की बोनेट आणि छपरावर पांढरट चट्टे पडतात, पापुद्रे निघतात. मग पॉलिशचा उपयोग नाही, सरळ पेंटिंगचा खर्च.

आता सांगा, या रेघा पडतात कशाने? बऱ्याचशा धुताना आणि पुसताना! शेतरस्त्याची काळी माती, वणीकडच्या रस्त्यांवरची कोळशाची आणि चुनखडीची धूळ, सगळं गाडीवर बसलेलं असतं. त्यावर सकाळी कोरडा कपडा फिरवला की तो कपडा सँडपेपरचंच काम करतो. सेंटरवरही तेच होतं. टायर पुसलेला कपडा बोनेटवर, खाली पडलेला स्पंज झटकून पुन्हा दारावर. म्हणजे या आठवड्यात तुम्ही पैसे घेऊन रेघा काढायच्या आणि पुढच्या आठवड्यात तुमच्याच मुलाने फुकटात परत पाडायच्या. हा कसला धंदा?

म्हणून आधी हे बदला. गाडी सावलीत घ्या आणि पत्रा थंड होऊ द्या. हात लावण्याआधी प्रेशरच्या पाण्याने माती सोडवा. बादल्या दोन ठेवा, एक शॅम्पूची आणि एक कपडा खळबळायची. वरून खाली धुवा. चाकांचा कपडा वेगळा, शक्यतो वेगळ्या रंगाचा, म्हणजे गोंधळ होणार नाही. कपडा मायक्रोफायबरचा घ्या, जमिनीवर पडला की थेट धुवायला टाका. बोअरचं पाणी उन्हात वाळू देऊ नका, डाग पडतात. यात महागडं मशीन कुठे आहे? खर्च थोडा, शिस्त मात्र रोजची.

मग पॉलिश करायचंच नाही का? करायचं, पण तपासून. गाडी स्वच्छ धुवून टॉर्च मारा. रेघेवरून अलगद नख फिरवा. नख अडकलं तर रेघ खोल आहे. ती पूर्ण काढायच्या मागे लागू नका, ग्राहकाला तसं सांगा. नख अडकत नसेल तर साधारण एक फूट बाय एक फूट जागेवर चाचणी घ्या. सुरुवात मऊ पॅड आणि सौम्य पॉलिशने. काम झालं तर कंपाउंडला हात लावायचा नाही. कडा आणि उंचवट्यांवर टेप लावा, तिथे थर लवकर निघतो. पॅडवर गाडीचाच रंग येऊ लागला तर थांबा. एक तर त्या गाडीवर क्लिअर कोटच नाही, जुन्या साध्या रंगाच्या गाड्यांत असं असतं, नाही तर तो संपलाय. शेवटी वॅक्स किंवा सीलंट. आणि रेघा नुसत्या भरून झाकणारं ग्लेझ लावून "रेघा गेल्या" म्हणू नका. काही धुण्यांनंतर त्या पुन्हा दिसतात, आणि त्यांच्याबरोबर तुमचं खोटंही दिसतं.

तुम्ही म्हणाल, "सर, हे ऐकायला बरं आहे. पण ग्राहकाला चमक पाहिजे. मी नाही म्हटलं तर तो समोरच्या दुकानात जाईल." जाईल, काही जण जातीलच. पण हिशोब करून बघा. समजा, पॉलिशचे तुम्ही २,५०० रुपये घेता. त्यात अख्खा दिवस, एक माणूस आणि सामान जातं, आणि तो ग्राहक वर्षभर पॉलिशसाठी येणार नाही. आता समजा, नीट धुण्याचे ४०० रुपये घेतले आणि तोच ग्राहक महिन्यातून दोनदा आला. वर्षाचे ९,६०० होतात. आकडे तुमच्या गावाप्रमाणे बदला, गणिताची दिशा बदलणार नाही. आपली गावं लहान आहेत. एमएच २९ ची एक गाडी बिघडवली तर चहाच्या टपरीवर चार जणांना कळतं. पण "त्याने मला पॉलिश करू नका म्हणून सांगितलं" हेसुद्धा तितक्याच लवकर पसरतं.

जुनी गाडी घेणारा माणूस बहुतेक वेळा पै-पै जोडून ती घेतो. पंधरा वर्षांनंतर आरटीओत नोंदणीचं नूतनीकरण करूनही ती चालवायची, असा त्याचा विचार असतो. त्याला शोरूमची चमक नको असते, गाडी अजून पाच वर्षं बरी दिसावी एवढंच हवं असतं. त्याला सांगा, "दादा, सगळ्या रेघा नाही जाणार. बऱ्याचशा फिक्या होतील आणि नवीन पडणार नाहीत, याची काळजी मी घेतो." हे वचन तुम्ही पाळू शकता, म्हणून तेच द्या.

आजचं काम एकच. संध्याकाळी तुमच्याच सेंटरवर धुतलेल्या गाडीवर टॉर्च मारा. जे दिसेल ते तुमच्या कामगारांनाही दाखवा, आणि उद्या सकाळी दुसरी बादली आणा.