ड्रीम इलेव्हनची माघार आणि मागे उरलेली सवय

वारासिवनी हे मध्य प्रदेशातील बालाघाट जिल्ह्यातले तालुक्याचे गाव. हातमागावरच्या साड्या आणि आसपासची भातशेती ही त्याची ओळख. राज्यपुनर्रचनेत हा मुलूख मध्य प्रदेशात राहिला, तरी नागपूर-गोंदियाशी असलेले व्यवहार आणि मराठीशी असलेले नाते तुटले नाही. येथील क्रिकेटप्रेमीला आंतरराष्ट्रीय सामना मैदानात बसून पाहायचा तर नागपूर किंवा रायपूर गाठावे लागते. मात्र ऑगस्ट २०२५ पर्यंत हातात स्मार्टफोन आणि खात्यात पन्नास-शंभर रुपये असले, की कोणाही प्रौढाला त्याच सामन्यातले अकरा खेळाडू निवडून त्यांच्यावर पैसे लावता येत होते. २२ ऑगस्टला ‘ड्रीम इलेव्हन’ने प्रवेशशुल्काच्या सर्व स्पर्धा थांबविल्या आणि देशातील सर्वांत मोठी क्रीडा-गेमिंग कंपनी आपल्या मूळ धंद्यातून बाहेर पडली.

घटनाक्रम विलक्षण वेगाचा होता. ऑनलाइन गेमिंगविषयीचे विधेयक २० ऑगस्टला लोकसभेत, २१ ला राज्यसभेत संमत झाले आणि २२ ला त्यावर राष्ट्रपतींची मोहोर उमटली. चर्चा जवळपास झालीच नाही. पैसे लावून खेळले जाणारे ऑनलाइन खेळ चालविणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कारावास व एक कोटीपर्यंत दंड, तर जाहिरात करणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कारावास व पन्नास लाखांपर्यंत दंड अशी तरतूद त्यात आहे. खेळणारा मात्र गुन्हेगार ठरविलेला नाही. त्याला पीडित मानण्याची भूमिका सरकारने घेतली आणि ती योग्यच आहे.

हर्ष जैन आणि भावित शेठ यांनी २००८ साली मुंबईत ही कंपनी स्थापन केली. खेळाची रचना साधी. दोन्ही संघांतून, ठरलेल्या गुणांकनाच्या मर्यादेत, अकरा जण निवडायचे. कर्णधाराचे गुण दुप्पट, उपकर्णधाराचे दीडपट. प्रत्यक्ष सामन्यातील कामगिरीनुसार क्रमवारी. जमलेल्या प्रवेशशुल्कातून कंपनी आपला वाटा काढी आणि उरलेले बक्षीस म्हणून वाटी. एवढ्या भांडवलावर तिने २०२० साली २२२ कोटी रुपयांना आयपीएलचे मुख्य प्रायोजकत्व घेतले, २०२३ मध्ये ३५८ कोटींच्या करारावर भारतीय संघाच्या छातीवर नाव झळकविले. बंदीनंतर जैन यांनी दिलेली कबुली बोलकी आहे: समूहाचे सुमारे ९५ टक्के उत्पन्न आणि सगळा नफा एका रात्रीत गेला.

या कबुलीचा अर्थ नीट लक्षात घ्यायला हवा. बंदी संघनिवडीवर नव्हती, गुणांच्या हिशेबावर नव्हती. विनाशुल्क खेळण्यास कायद्याची हरकत नाही. तेच खेळाडू, तेच गुण, तीच चुरस ठेवून केवळ प्रवेशशुल्क काढले आणि धंदा उरला नाही. ग्राहक कशासाठी येत होता, याचे यापेक्षा स्पष्ट उत्तर कोणत्याही पाहणीतून मिळाले नसते.

न्यायालयांत मात्र युक्तिवाद वेगळाच चाले. खेळात कौशल्य प्रधान असेल तर तो जुगार नव्हे, ही विभागणी सर्वोच्च न्यायालयाने १९५७ च्या चमारबागवाला खटल्यापासून मानलेली. तिच्या आधारे पंजाब-हरियाणा उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये आणि मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये ड्रीम इलेव्हनच्या बाजूने कौल दिला. हा युक्तिवाद पोकळ नव्हता. खेळपट्टी, हवामान, गोलंदाजांचा अलीकडचा फॉर्म यांचा अभ्यास करणारा दीर्घकाळात जास्त जिंकतो, हे खरे. पण त्याची दुसरी बाजू क्वचितच मांडली गेली. कौशल्याने जिंकता येते, याचाच अर्थ कौशल्य नसलेला अधिक खात्रीने हरतो. एकाच स्पर्धेत अनेक संघ उतरविणारा, आकडेवारीचे कोष्टक घेऊन बसलेला खेळाडू आणि भातकापणीनंतर दोन घटका करमणूक म्हणून पन्नास रुपये लावणारा तरुण एकाच यादीत उभे होते. सोडतीत निदान दोघांची संधी समान असते. नव्या कायद्याने कौशल्य की नशीब हा वाद बाजूला सारून पैसे लागतात की नाही, एवढेच विचारले आहे.

आकड्यांची एक गंमतही नोंदवायला हवी. सुमारे ४५ कोटी लोकांचे या खेळांत वर्षाला २० हजार कोटी रुपये बुडतात, असा सरकारचा अंदाज. उद्योगाच्या संघटनांनी गृहमंत्र्यांना कळविले, की आम्ही वर्षाला २० हजार कोटींचा कर भरतो. दोन्ही आकडे खरे मानले, तरी ते निघतात एकाच खिशातून.

गोव्यातील वाचकाला हा वाद परका वाटू नये. १९७६ च्या जुगारविरोधी कायद्यात १९९२ साली दुरुस्ती करून गोव्याने कॅसिनोला दार उघडले; आज ते मांडवीत तरंगत आहेत. केंद्राचा नवा कायदा ऑनलाइन खेळांपुरता असल्याने त्यांना त्याची झळ नाही. १ फेब्रुवारी २०२० पासून गोमंतकीयांना कॅसिनोत प्रवेशबंदी आहे. म्हणजे साडेपाच वर्षे ज्या गोमंतकीयाला बोटीवर पाऊल ठेवता येत नव्हते, त्याच्या खिशातल्या फोनवर पैज मोकळी होती. आता पैज फोनवर निषिद्ध आणि पर्यटकासाठी बोटीवर वैध. २०२३ मध्ये जीएसटी परिषदेत लावलेल्या पूर्ण रकमेवर २८ टक्के कर घेण्यास गोव्याने आक्षेप घेतला, तेव्हा राज्याच्या डोळ्यांसमोर कॅसिनोचा महसूल होता. नागरिकाला वाचवायचे आणि पाहुण्याकडून कमवायचे, हे धोरण राजकीयदृष्ट्या समजण्याजोगे आहे. त्याला नैतिक म्हणण्याचे धाडस मात्र कोणी करू नये.

खरी चिंता पुढची आहे. बालाघाट जिल्ह्याची पूर्व सीमा छत्तीसगडला भिडते आणि त्याच राज्यातील भिलाईतून उगम पावलेले ‘महादेव’ हे सट्ट्याचे जाळे दुबईतून चालविले जात असल्याचे सक्तवसुली संचालनालयाच्या तपासात पुढे आले. नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्राने त्यासह २२ ॲप्स व संकेतस्थळे रोखली. अशा जाळ्यांना कर नाही, वयाची पडताळणी नाही, पैसे अडकले तर दाद नाही. ड्रीम इलेव्हन निदान आयकर कापून बक्षीस देई आणि बंदीनंतर खात्यातील शिल्लक काढून घेण्याची मुभाही तिने दिली. पैज लावण्याची सवय कायद्याने लागलेली नव्हती, ती कायद्याने सुटणारही नाही. परदेशी ॲप्सकडे वळणारा पैसा ज्या बँक खात्यांतून आणि यूपीआयच्या मार्गाने जातो, तेथे पहारा बसला नाही, तर बंदीचा लाभ महादेवच्या वारसदारांना होईल.

क्रिकेटचे म्हणाल तर त्याचे फारसे बिघडले नाही. आशिया चषकात भारतीय संघ प्रायोजकाच्या नावाविना खेळला. स्पर्धा चालू असतानाच अपोलो टायर्सशी करार झाला आणि वृत्तांनुसार त्याची रक्कम ५७९ कोटी आहे. छोट्या स्पर्धांना असा पर्याय इतक्या लवकर मिळण्याची शक्यता कमी.

ड्रीम इलेव्हनने कायद्याला आव्हान न देण्याचे जाहीर केले. रमीच्या धंद्यातील एका कंपनीने कर्नाटक उच्च न्यायालयाचे दार ठोठावले आणि ८ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अशा सर्व याचिका स्वतःकडे वर्ग करून घेतल्या. जुगार हा राज्यांच्या सूचीतील विषय असताना संसदेला हा कायदा करता येतो का, हा त्यातील एक कळीचा मुद्दा आहे. त्याचे उत्तर नकारार्थी आले, तर निर्णय पुन्हा भोपाळ, मुंबई आणि पणजीकडे येईल. आणि न लढलेली कंपनीही त्या निकालाची लाभार्थी ठरेल.