कूलरची फिटिंग फुकट कशाला?

होळी जवळ आली की विदर्भातल्या प्रत्येक बाजारपेठेत पत्राकाम करणाऱ्यांच्या दुकानांपुढे लोखंडी कूलरच्या रांगा लागतात. आपल्या बुलढाणा जिल्ह्यात घाटावर ऊन थोडे सौम्य, तर घाटाखाली मलकापूर, नांदुरा, खामगावकडे अंगाची लाही करणारे. पण कूलर आता दोन्हीकडे लागतो. पैनगंगेच्या काठच्या देऊळघाटसारख्या गावातही तो चैनीची वस्तू राहिलेला नाही. पत्रा कापणारा, वेल्डिंग करणारा, मोटार भरणारा, वाळ्याच्या ताट्या बांधणारा आणि शेवटी घरी जाऊन कूलर बसवून देणारा, अशा अनेकांची तीन महिन्यांची रोजी या एका धंद्यावर चालते. यात आपले कारागीर मोठ्या संख्येने आहेत, म्हणून ही गोष्ट याच पानावर लिहिणे योग्य वाटते.

दुकानाच्या पाटीवर बहुधा लिहिलेले असते : 'घरपोच व फिटिंग फ्री'. या शेवटच्या दोन शब्दांनी आपल्या धंद्याचे जेवढे नुकसान केले, तेवढे कंपनीच्या प्लॅस्टिक कूलरनेही केले नसेल, असे माझे स्पष्ट मत आहे.

फुकट कामाला वेळ देता येत नाही. दुकानदार पोऱ्याला हातगाडीबरोबर पाठवतो. तो खिडकीपुढे घोडा उभा करतो, त्यावर कूलर चढवतो, जवळच्या बोर्डात दोन पिनांचा प्लग खुपसतो, हवा लागली की चहा पिऊन परत येतो. त्या बोर्डाला अर्थिंग आहे की नाही हे कोणी पाहिले? वायर पत्र्याच्या ज्या भोकातून आत जाते तिथे रबरी बूच बसवले आहे की पत्र्याची धार थेट वायरवर घासते आहे? जमीन ओली राहणार, लहान मुले तिथेच खेळणार, घरातली बाई हातात बादली घेऊन चालू कूलरमध्ये पाणी ओतणार, याचा विचार कोणी केला? दर उन्हाळ्यात विदर्भातल्या वर्तमानपत्रांत कूलरचा धक्का बसून माणूस दगावल्याच्या बातम्या येतात, महावितरण दरवर्षी तीच ती आवाहने काढते, आणि पुढच्या वर्षी पुन्हा तेच.

'मेन बोर्डावर एमसीबी बसवले आहे, काही होत नाही,' असे अनेक जण छातीठोकपणे सांगतात. हा गैरसमज जीवघेणा आहे. ओल्या अंगाचा अवरोध हजार-दीड हजार ओहम धरला तर २३० व्होल्टला माणसाच्या शरीरातून साधारण दीडशे ते दोनशे तीस मिलिअँपिअर प्रवाह जातो. हृदय बंद पडायला याहून कितीतरी कमी प्रवाह पुरतो. आणि एमसीबी सहा अँपिअरचे म्हणजे सहा हजार मिलिअँपिअरचे! माणूस चिकटून मरतो तरी ते ढिम्म हलत नाही, कारण ते वायर जळू नये म्हणून बसवलेले असते, माणसासाठी नव्हे. माणसासाठी वेगळे उपकरण आहे. त्याला कोणी आरसीसीबी म्हणतात, जुने वायरमन अजून ईएलसीबी म्हणतात. जाणारा आणि परत येणारा प्रवाह यांत ३० मिलिअँपिअरचा फरक पडला की ते क्षणार्धात वीज तोडते. नव्या कूलरच्या किमतीपुढे त्याची किंमत फार नाही.

अर्थिंगबद्दल तर आपल्याकडे अंधश्रद्धाच म्हणावी लागेल. पूर्वी नळाच्या लोखंडी पाइपाला तार गुंडाळली की अर्थिंग झाले असे मानत, आणि पाइप जमिनीत खोल गेलेला असल्याने ते बऱ्यापैकी चालतही असे. आता बाहेरची लाइन प्लॅस्टिकची आली. भिंतीतला तेवढा तुकडा लोखंडी राहिला, तो कुठेच जात नाही. तार मात्र अजून त्यालाच बांधलेली! काही हुशार मंडळी सॉकेटमध्येच न्यूट्रल आणि अर्थ जोडून टाकतात. ज्या दिवशी न्यूट्रल कुठेतरी तुटेल त्या दिवशी कूलरचा सबंध पत्रा २३० व्होल्टवर येईल, हे त्यांना कोणी शिकवलेलेच नसते.

शंभर वॉटचा दिवा फेज आणि अर्थ यांच्यात लावून बघायची जुनी पद्धत आहे. दिवा मंद लागला तर अर्थिंग निश्चित खराब. पण दिवा लख्ख लागला म्हणजे ते चांगले, असे समजू नका. त्या दिव्याचा स्वतःचा अवरोध पाचशे ओहमच्या वर असतो, त्यामुळे अर्थिंगचा अवरोध पन्नास ओहम असला तरी प्रकाशात फरक कळत नाही. पण पत्र्यात वीज उतरली तर पन्नास ओहममधून जेमतेम साडेचार अँपिअर प्रवाह जाईल, फ्यूज उडणार नाही, आणि पत्रा तसाच 'जिवंत' राहील. शिवाय जमीन मे महिन्यात सर्वात कोरडी असते. कूलर जेव्हा रात्रंदिवस चालतो नेमके तेव्हाच अर्थिंग सर्वात कमजोर. खड्ड्यात मीठ-कोळसा भरला तरी उन्हाळ्यात त्यात पाणी घालत राहावे लागते, हे ग्राहकाला सांगणे फिटरचे काम आहे. मोठ्या कामाला अर्थ टेस्टरनेच मोजावे. एका गावातल्या चार फिटरांनी मिळून असे एक यंत्र घ्यायला काय हरकत आहे?

मशिदींचा आणि शादीखान्यांचा विषय वेगळा काढून बोलला पाहिजे. तिथे मोठे लोखंडी कूलर लागतात, तारा लांबून ओढलेल्या असतात, आणि माणसे वुजू करून ओल्या पायांनी, ओल्या हातांनी येतात. गर्दीत कोणाचाही हात पत्र्याला लागतो. घरातल्या कूलरपेक्षा इथला धोका कितीतरी मोठा. तरीही अशा ठिकाणचे काम 'सवाब का काम है' म्हणून कोणाकडून तरी फुकट करून घेतले जाते. काम करणाऱ्याची नियत चांगली असेल, पण वीज नियत बघत नाही. मजुरी नाकारायची असेल तर खुशाल नाकारा, पण काम परवानाधारक वायरमननेच करावे आणि आरसीसीबीशिवाय कूलर सुरू करू नये. विश्वस्त मंडळींनी एवढा आग्रह धरलाच पाहिजे.

आता बिघाडाकडे. आरसीसीबी बसवले की आठ दिवसांत ग्राहकाची तक्रार येते, 'सारखे पडते.' मग कोणी तरी 'उस्ताद' येऊन ते बायपास करतो आणि घरी सगळे खूश! वास्तविक ते पडते म्हणजे ते काम करते. पहिला संशय पंपावर घ्यावा. पंप काढून ठेवून कूलर चालवून पाहावा. तेवढ्याने पडणे थांबले तर पंपाच्या वाइंडिंगमध्ये पाणी शिरले आहे. तरीही पडत असेल तर मोटार आणि मग पत्र्याच्या भोकाजवळची वायर तपासावी. कूलर पूर्ण काढूनही पडत असेल तर घरात इन्व्हर्टर आहे का विचारावे. इन्व्हर्टरचा आणि लाइनचा न्यूट्रल पुढे कुठेतरी एकत्र केलेला असला तर आरसीसीबी टिकत नाही, आणि असे घोटाळे घरोघर आहेत. हे शोधायला अर्धा दिवस जातो. फुकटच्या फिटिंगमध्ये हा अर्धा दिवस कोण देणार?

हवेच्या तक्रारीही अशाच. 'कूलर गार हवा देत नाही' म्हणून ग्राहक मोटार बदलायला लावतो आणि आपणही बदलून देतो. निम्म्या वेळा दोष खोलीचा असतो. कूलर बाहेरची हवा आत ढकलतो, तेवढी हवा समोरून बाहेर गेली पाहिजे. दारे-खिडक्या लावून बसले तर खोलीत दमट वाफ साचते आणि अंग चिकट होते. खिडकी उघडा म्हणून सांगितले तर ग्राहकाला वाटते, गारवा बाहेर जाईल! संध्याकाळी व्होल्टेज उतरते तेव्हा मोटार गरम होते, पाण्यातल्या क्षाराने पंप जाम होतो, ताट्यांवर पांढरा थर बसतो. या गोष्टी एका कागदावर छापून कूलरबरोबर द्यायला काय जाते? टाकी आठवड्यातून एकदा रिकामी करून घासायची हेही त्यात असावे, कारण डेंग्यूचा डास स्वच्छ साठलेल्या पाण्यातच वाढतो.

या जुन्या धंद्याबद्दल एवढे लिहिण्याचे कारण पुढे येणारा नवा धंदा आहे. मोठ्या शहरांतल्या दवाखान्यांत, हॉटेलांत आणि बंदिस्त एसी कार्यालयांत 'एनर्जी रिकव्हरी व्हेंटिलेटर', थोडक्यात ईआरव्ही, नावाचे यंत्र बसू लागले. एसीच्या खोलीतली हवा तीच ती फिरत राहते. ती बदलायला खिडकी उघडली तर गारवा जातो. या यंत्रात दोन पंखे आणि मध्ये एक गाभा असतो. एक पंखा आतली शिळी पण गार हवा बाहेर काढतो, दुसरा बाहेरची ताजी पण तापलेली हवा आत घेतो. दोन्ही हवा गाभ्यातून एकमेकींत न मिसळता जातात आणि जाणारी हवा येणारीची उष्णता व ओलावा बऱ्याच अंशी काढून घेते. बाहेर ४२ अंश, आत २६ अंश आणि गाभा ७० टक्के काम करणारा असेल, तर ताजी हवा साधारण ३१ अंशावर आत येते. तेवढा एसीवरचा भार वाचतो. २०२० च्या कोरोना साथीनंतर बंद खोलीतल्या हवेचे महत्त्व लोकांना कळले. त्याआधीच, २०१७ च्या ऊर्जा संवर्धन इमारत संहितेने मोठ्या हॉटेलांच्या आणि इस्पितळांच्या ताज्या हवेच्या यंत्रणांसाठी किमान ५० टक्के कार्यक्षमतेच्या अशा उपकरणाची अट घातली होती.

पत्राकाम, डक्ट, पंखा, वायरिंग, सगळे आपल्याच हातचे काम. कूलरचा कारागीर हे सहा महिन्यांत शिकू शकतो. परंतु देऊळघाटच्या घरात, जिथे कूलर चालतो तिथे, हे यंत्र कोणी विकू नये. कूलर आधीच सगळी हवा बाहेरून घेतो, त्याला याचा काडीचा उपयोग नाही. जिथे बंदिस्त एसी आहे तिथेच विका.

आणि तिथेही चुका ठरलेल्याच होतील. ताजी हवा घेणारे तोंड आणि शिळी हवा सोडणारे तोंड जवळजवळ ठेवले तर शिळीच हवा फिरून आत येईल. ताज्या हवेचे तोंड जनरेटरच्या धुराड्याजवळ आले तर विषारी कार्बन मोनॉक्साइड थेट रुग्णाच्या खोलीत जाईल. बाहेरच्या डक्टला उतार बाहेरच्या बाजूस हवा, नाहीतर पहिल्याच पावसात छतातून पाणी टपकेल. मऊ डक्ट वळणावर चेपला की हवा निम्मी होते आणि दोष पंख्याला दिला जातो. दार उघडायला जड जाऊ लागले किंवा फटीतून शीळ वाजू लागली की दोन पंख्यांची हवा सारखी नाही असे समजावे, आणि आधी फिल्टर बघावे. फिल्टर धुळीने बुजणे हे आपल्याकडे नेहमीचेच राहणार. गाभा मात्र अनेक यंत्रांत कागदासारख्या पडद्याचा असतो. कूलरच्या ताटीसारखा तो पाइपाखाली धरला की संपला. स्वयंपाकघराची तेलकट हवा त्यातून नेऊ नये. यंत्राजवळच वीज बंद करायचा स्विच आणि छतात हात घालायला झडप ठेवावी. ती नसली तर पुढचा फिटर चालू यंत्रात, शिडीवर उभा राहून, हात घालणार.

हे सारे काम वेळ मागते, म्हणजे पैसा मागते. म्हणून बिलात फिटिंग व अर्थिंग तपासणीची ओळ वेगळी असली पाहिजे आणि तिची रक्कम ग्राहकाने दिली पाहिजे. 'मग ग्राहक शेजारच्या दुकानात जाईल' हा आक्षेप मला मान्य आहे. एकट्या दुकानदाराच्याने हे होणार नाही. पण एका बाजारातले दहा-बारा कूलरवाले हंगामापूर्वी एकत्र बसून ठरवू शकतात की कोणीही दोन पिनांच्या प्लगवर कूलर देणार नाही आणि 'फिटिंग फ्री' लिहिणार नाही. किमती ज्याच्या त्याने ठरवाव्यात, पण सुरक्षिततेत स्पर्धा नको. ज्या घरात अर्थिंग नाही तिथे काय करायचे? कूलर द्या, पण ते करून घेईपर्यंत जोडू नका आणि तसे बिलावर लिहा.

२०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने, जो २०२० मध्ये लागू झाला, वस्तूतल्या दोषामुळे इजा झाल्यास बनवणारा, विकणारा आणि सेवा देणारा अशा तिघांवर नुकसानभरपाईची जबाबदारी येऊ शकते. स्वतः पत्रा वाकवून कूलर करणारा आपला कारागीर यात बनवणारा, विकणारा आणि बसवणारा तिन्ही ठरतो. 'आम्ही फिटिंगचे पैसेच घेतले नव्हते' असे सांगून त्याची सुटका होईल, या भरवशावर कोणी राहू नये.

गोदामात मागच्या वर्षीचे कूलर पडून असतील तर निदान त्यांचे प्लग आतापासून बदलायला घ्या. तीन पिनांचा प्लग, तीन तारांची अखंड वायर, अर्थची तार पत्र्याला रंग खरवडून नट-बोल्टने घट्ट, आणि भोकात रबरी बूच. एका कूलरला अर्धा तास लागतो.