गल्ल्यातला पैसा आपला नसतो : वाढत्या व्यवसायाला आर्थिक शिस्त का हवी?



दरवर्षी आपण शाळेत बालबाजार भरवतो. गेल्या वेळी चौथीतला एक मुलगा मेथीच्या जुड्या घेऊन बसला होता. बाजार उठल्यावर नोटा मोजून आनंदाने म्हणाला, "मॅडम, मला 340 रुपये फायदा झाला!" मी विचारलं, "जुड्या कितीला आणल्या होत्या?" म्हणाला, "पप्पांनी 200 रुपये दिले होते." म्हणजे नफा उरला 140. त्यातून मधेच 30 रुपयांची भेळ खाल्लेली, ती कुठेच लिहिलेली नाही.

मुलाची चूक समजण्यासारखी आहे. पण हीच चूक मोठी माणसं करतात तेव्हा घर अडचणीत येतं.

आपल्या जेऊर परिसरात उजनीच्या पाण्यावर केळी पिकतात. समजा, एखाद्या पालकाने केळीच्या वेफर्सचा व्यवसाय सुरू केला. एक किलोला खर्च 150 रुपये, विक्री 200 रुपये. महिन्याला 100 किलो माल जातो. दुकानदार पैसे 45 दिवसांनी देतात. म्हणजे साधारण 22,500 रुपये कायम उधारीत अडकलेले. पुढे मागणी वाढून 400 किलोवर गेली. वहीत नफा महिन्याला 20,000 रुपये दिसतो, पण अडकलेली रक्कम 90,000 होते. तेल, केळी, मजुरी मात्र रोख द्यावी लागते. म्हणजे व्यवसाय वाढताना पैसा आधी आत ओढतो आणि परतावा नंतर देतो. नेमक्या त्याच वेळी गल्ल्यातून घरचं लग्न, नवीन गाडी झाली, तर चांगला चाललेला धंदाही बंद पडतो. ऑर्डरी हातात असताना कुलूप लागलेलं एका पालकाचं दुकान मी स्वतः पाहिलंय. त्यांच्या मुलीला मधेच शाळा बदलावी लागली. म्हणून हा विषय मला फक्त व्यापाऱ्यांचा वाटत नाही.

लिज्जत पापड आपल्या सर्वांना माहीत आहे. 15 मार्च 1959 रोजी मुंबईत गिरगावात सात महिलांनी 80 रुपये उसने घेऊन सुरुवात केली. पहिल्या दिवशी फक्त चार पाकिटं झाली. त्यांनी देणगी घ्यायची नाही असं ठरवलं. मार्गदर्शक छगनलाल पारेख यांचा आग्रह होता की हे काम धंदा म्हणूनच चालवा आणि हिशोब चोख ठेवा. पहिल्या वर्षाची विक्री 6,196 रुपये होती. त्या सात जणींपैकी जसवंतीबेन पोपट यांना 2021 मध्ये पद्मश्री जाहीर झाली. यातून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. हिशोबाची सवय 80 रुपयांपासून लागली. "धंदा मोठा झाला की अकाउंटंट ठेवू" असं म्हणणाऱ्यांना ती सवय सहसा लागत नाही.

माझ्या मते वाढत्या व्यवसायाला चार नियम पुरेसे आहेत.

1. घराचं आणि धंद्याचं बँक खातं वेगळं ठेवावं. मालकानेही दरमहा ठरलेला पगारच घ्यावा.

2. जीएसटीचे आणि हप्त्याचे पैसे आले त्याच दिवशी बाजूला काढावेत. ते आपले नसतातच.

3. खेळत्या भांडवलातून मशीन घेऊ नये. मशीनसाठी लांब मुदतीचं कर्ज वेगळं काढावं.

4. उधारीला मुदत लेखी ठरवावी. 2006 च्या एमएसएमई कायद्यानुसार सूक्ष्म व लघु उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त 45 दिवसांत देणं खरेदीदाराला बंधनकारक आहे आणि लेखी करार नसेल तर 15 दिवसांत. त्यासाठी उद्यम नोंदणी करून ठेवावी.

काहीजण म्हणतील, इतका हिशोब करत बसलं तर धाडस कधी करायचं? धंद्याला धाडस लागतंच. पण आपल्याकडे नेमके किती आहेत हे माहीत नसताना उडी मारणं याला मी धाडस म्हणणार नाही.

पुढच्या बालबाजारात प्रत्येक मुलाच्या हातात एक छोटी वही देऊया. भांडवल, खर्च, विक्री, उधारी आणि शिल्लक असे पाच रकाने पुरेत. भेळ खाल्ली तर तीही लिहायची. नफा-तोट्याचं गणित फळ्यावर पक्कं होत नाही, ते स्वतःच्या पैशावर पक्कं होतं. आणि पालकहो, मुलाची वही तपासताना एकदा आपलीही वही उघडून बघा.